म्हाताऱ्या कुत्र्याची सांधेदुखी गोळ्यांनी कमी होते आणि पुन्हा उलटते, तेव्हा काय तपासायचं

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. कुत्रा दहा-बारा वर्षांचा. सकाळी उठताना मागचे पाय आखडलेले, चार पावलं लंगडत टाकली की जरा सैल होतो. डॉक्टरांनी पाच-सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या चक्क सोफ्यावर चढला, घरात आनंदीआनंद. गोळ्या संपल्या. पंधरवड्यात पुन्हा जैसे थे, कधी कधी आधीपेक्षा वाईट. असं दोन-तीनदा झालं की माणूस वैतागतो. मग एकतर ‘आता वयच झालं’ म्हणून सोडून देतो, नाहीतर स्वतःच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांकडे हात नेतो. पहिल्यात कुत्र्याचे हाल होतात, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो.

झिजेचा संधिवात हा तापासारखा येऊन जाणारा आजार नाही. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, झिजलेली असते, वंगण पातळ झालेलं असतं, आतलं अस्तर सुजलेलं असतं आणि हाडांच्या कडांना काटे फुटलेले असतात. गोळी सूज आणि वेदना कमी करते, झिजलेली कूर्चा भरून आणत नाही. त्यामुळे ‘कोर्स पूर्ण झाला’ हा हिशोब इथे लागूच पडत नाही. माझं निरीक्षण असं की दुखणं उलटतं तेव्हा आपण त्या दिवशी काय झालं ते शोधत बसतो आणि कारण असतं त्याआधीच्या बऱ्या दिवसांत. कुत्रा बरा दिसला म्हणून गोळी थांबवली, फिरणं वाढवलं, खाऊ वाढवला. तिथेच पाहायचं.

आधी औषधांचा डबा बंद करा

हा भाग पहिला, कारण बाकीचं काही चुकलं तर दुखणं लांबतं. हे चुकलं तर कुत्रा हातचा जातो.

आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन, पॅरासिटामॉल यातलं काहीही स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. अर्धी गोळी नाही, पाव गोळी नाही, ‘आजच्या रात्रीपुरती’ पण नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, रक्तस्राव होतो, मात्रा वाढली की मूत्रपिंडं निकामी होतात. नॅप्रोक्सेन माणसाच्या रक्तात साधारण अर्ध्या दिवसात निम्म्यावर येतं, कुत्र्याच्या रक्तात त्याला तीन दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे दुसऱ्या दिवशीची गोळी पहिलीवर साठत जाते. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृत खराब होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. हिरड्या तपकिरी पडायला लागतात. काही ठिकाणी पशुवैद्य पॅरासिटामॉल मोजून-मापून वापरतात, पण ते त्यांनी ठरवायचं. घरात मांजरही असेल तर पडलेली गोळी तिच्या तोंडाला लागू देऊ नका, मांजराला एकच पुरते.

मेलॉक्सिकॅम माणसांनाही देतात आणि कुत्र्यांनाही, म्हणून घोळ हमखास इथेच होतो. कुत्र्यासाठी रोजची मात्रा किलोमागे साधारण 0.1 मिलिग्रॅम धरतात. 10 किलोच्या कुत्र्याला 1 मिलिग्रॅम झालं. माणसांची गोळी 7.5 किंवा 15 मिलिग्रॅमची असते. 15ची अर्धी करून दिली तरी साडेसातपट औषध पोटात गेलं. हे आकडे बघून घरी डोस काढत बसू नका. अर्ध्या गोळीचा अंदाज किती फसतो एवढंच त्यातून घ्या.

मलमं आणि बाम यांच्याकडे लोक औषध म्हणून बघतच नाहीत. कुत्रा अंगाला लावलेली प्रत्येक गोष्ट चाटून काढतो. डायक्लोफेनॅकची जेल चाटली म्हणजे डायक्लोफेनॅक पोटात गेलंच. बाममध्ये मिथाइल सॅलिसिलेट आणि कापूर असतो, दोन्ही पोटात जायच्या लायकीचे नाहीत. तुम्ही स्वतःच्या गुडघ्याला जेल लावली असेल आणि कुत्र्याला तुमचे पाय चाटायची सवय असेल, तरी तेच. लसूण घालून उकळलेलं तेल चोळायचा सल्लाही कुणीतरी देतंच. लसूण आणि कांदा पोटात गेला की कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

गोळी आधीच दिली गेली असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. व्रण पडायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी कुत्रा ठणठणीत दिसतो आणि दोन-तीन दिवसांनी काळी, डांबरासारखी शी करतो. गोळ्यांची पट्टी, किती दिल्या, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन, एवढं हाताशी ठेवून लगेच डॉक्टरांना फोन करा. मीठ पाजून घरी उलटी काढायच्या फंदात पडू नका, मिठानेच वेगळी विषबाधा होते.

हे दुखणं नक्की सांध्याचंच आहे का?

संधिवात सावकाश येतो. महिनोन्‌महिने थोडंथोडं वाढत जातं, सकाळी आणि झोपून उठल्यावर जास्त, हालचाल झाल्यावर कमी. कुत्रा ओरडत नाही, ही गोष्ट लोकांना पटता पटत नाही. ‘दुखत असतं तर केकाटला नसता का?’ नाही केकाटत. तो गाडीत उडी मारण्याआधी थबकतो, जिन्याच्या तळाशी उभा राहून वर बघत बसतो, बसताना धप्पकन अंग टाकतो, धावताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकत्र उचलतो, एकाच सांध्याला चाटून तिथले केस तांबूस करतो. मागून मांड्या चाचपून बघा; एक मांडी दुसरीपेक्षा बारीक लागली तर त्या पायावर तो बरेच दिवस भार देत नाही असं समजा.

कुठला पाय दुखतो ते ओळखायला सपाट जागी, सैल दोरीने, सावकाश चालवत समोरून आणि बाजूने मोबाइलवर चित्रण करा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर शेपटीच्या दोन बाजूंच्या पुठ्ठ्यांपैकी एक जास्त वर-खाली होतो. नुसत्या डोळ्यांनी हे सुटतं, चित्रणाचा वेग कमी करून पाहिलं की लख्ख दिसतं.

आता खालचं काही दिसलं तर संधिवात धरून बसू नका, त्याच दिवशी दाखवा:

- पाय अचानक पूर्ण उचलून धरला, टेकवतच नाही. गुडघ्यातला अस्थिबंध तुटलेला असू शकतो.
- मनगटाच्या वर, खांद्याजवळ किंवा गुडघ्याजवळ हाडावरच कडक सूज. मोठ्या जातींच्या कुत्र्यांत हाडाचा कर्करोग याच जागा धरतो.
- पंजा मुडपून चालणं, नख्या घासत जाणं, मागचा भाग डुलणं, लघवी अडणं. हे मणक्याकडे किंवा मज्जारज्जूकडे बोट दाखवतं.
- ताप, एकाच वेळी अनेक सांधे सुजणं, आज हा पाय तर उद्या तो. गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांत असं होतं आणि त्याचं औषध वेगळं.

मुडपलेल्या पंजाची एक साधी चाचणी आहे. कुत्रा उभा असताना पोटाखाली हात देऊन आधार द्या आणि मागचा एक पंजा अलगद उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवा. नसा ठीक असतील तर तो पंजा लगेच सुलटा करतो. तसाच ठेवून उभा राहिला तर घोटाळा सांध्याचा नाही, निदान नुसत्या सांध्याचा नाही.

उलटण्याचं पहिलं कारण: गोळी बंद

कुत्र्यांसाठीच्या वेदनाशामकांत कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब, रोबेनाकॉक्सिब ही नेहमीची नावं. ग्रापिप्रँट थोडं नवं, अमेरिकेत 2016 मध्ये मंजूर झालेलं, आणि जरा वेगळ्या वाटेने काम करणारं. वरच्या ठरावीक दिवसांच्या चिठ्ठीने हमखास गैरसमज होतो. बऱ्याचदा ती चिठ्ठी ‘गुण येतो का ते बघू’ म्हणून असते, आणि घरी तिचा अर्थ ‘एवढ्यात बरं होईल’ असा लावला जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टरांना सरळ विचारा: हे थोडे दिवस द्यायचं की कायमचं? कायमचं असेल तर कमीत कमी किती मात्रेवर भागेल?

कमी करायचं तर पायरीपायरीने आणि डॉक्टरांना सांगून. सलग काही आठवडे बरं चाललं की मात्रा थोडी उतरवायची, दोन आठवडे थांबून वहीतल्या नोंदी बघायच्या (वहीबद्दल शेवटी सांगितलंय), मग पुढचं पाऊल. ‘आज बरा दिसतोय, आज नको, उद्या लंगडला तर देऊ’ अशी आट्यापाट्या खेळली की वेदना दर वेळी डोकं वर काढते. सततच्या वेदनेने मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील होत जाते, मग तेवढीच गोळी पुरेनाशी होते.

कायम द्यायचं म्हटलं की पोट, यकृत आणि मूत्रपिंडं यांच्यावर नजर ठेवणं आलंच. सुरू करण्याआधी रक्ततपासणी, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा, नंतर साधारण दर सहा महिन्यांनी, असा रिवाज आहे. गोळी जेवणासोबत द्यायची की आधी ते डॉक्टरांना विचारून घ्या आणि पाणी कायम भरलेलं ठेवा. उलटी, जुलाब, काळी शी, खाण्यावरची वासना उडणं, एकदम जास्त पाणी पिणं आणि जास्त लघवी, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडणं, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता फोन करायचा. ज्या दिवशी कुत्रा जेवलाच नाही त्या दिवशी गोळी कोंबू नका, आधी विचारा.

स्टेरॉइडबद्दल थोडं थांबून. एका इंजेक्शनने कुत्रा दुसऱ्या दिवशी पळायला लागतो, आणि नेमका काय टोचलं होतं ते घरात कुणालाच सांगता येत नाही. मग दुसऱ्या दवाखान्यातून वेदनाशामक गोळ्या येतात. स्टेरॉइड आणि ही वेदनाशामकं एकत्र आली की जठराला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. एक वेदनाशामक सोडून दुसरं सुरू करतानाही मध्ये साधारण पाच ते सात दिवसांचं अंतर ठेवतात. अॅस्पिरिन दिलं असेल तर तेही सांगायलाच हवं. म्हणून प्रत्येक इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून घ्या. डॉक्टर घाईत असले तरी लिहून मागा, त्यात संकोच कसला?

दुसरं कारण: बऱ्या दिवशीची मस्ती

आठवडाभर घरात पडून असलेला कुत्रा सुट्टीच्या दिवशी मैदानात सोडला, तासभर चेंडू फेकला, कुत्रा खूश, आपण खूश. सोमवारी उठवत नाही. चेंडू फेकण्यात पळणं कमी आणि करकचून थांबणं, गर्रकन वळणं, उडी मारणं जास्त असतं, आणि झिजलेल्या सांध्याला नेमकं तेच बाधतं. चेंडूचं वेड असेल तर तो जमिनीवरून सावकाश लोटा, नाहीतर गवतात खाऊ लपवून हुंगायला लावा. नाक चालवून कुत्रा दमतो आणि पाय वाचतात.

फिरणं बंद मात्र करायचं नाही. चालणं थांबलं की स्नायू उतरतात, स्नायू उतरले की सगळा भार सांध्यावर. एकदा लांबवर नेण्याऐवजी दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं, दोरी लावून, सपाट जमिनीवर, रोज तेवढंच. माप काढायची रीत सोपी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीपेक्षा जास्त आखडला असेल तर आदल्या दिवशीचं जास्त झालं. तिथून निम्म्यावर या, आठवडाभर तेवढ्यावरच राहा, मग दोन-दोन मिनिटांनी वाढवा. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस बरा. ज्याचे मागचे पाय फारच गळाले आहेत त्याला पोटाखालून रुंद पट्टा देऊन पायऱ्यांवर उचलून धरता येतं.

घरच्या घरी एक व्यायाम फार उपयोगी: बस आणि ऊठ. पाठीमागे भिंत, समोर खाऊचा कण, सावकाश बसवायचं, सावकाश उठवायचं, पाच वेळा. तिरका बसायला लागला, पाय बाहेर फेकायला लागला की थांबायचं. पाण्यातलं चालणं आणि भौतिकोपचार जवळपास मिळत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पाण्यात वजन हलकं होतं आणि स्नायूंना काम मिळतं.

तिसरं कारण वजनकाट्यावर आहे

इथे मी सगळ्यात हट्टी आहे. जाड कुत्र्याला कितीही महागाची गोळी द्या, दुखणं मागून येतच राहणार. जाड कुत्र्यांच्या 2010 सालच्या एका अभ्यासात वजन सुमारे 6 टक्क्यांनी उतरल्यावरच लंगडणं कमी झालेलं दिसलं. 30 किलोच्या कुत्र्याला हे दोन किलोपेक्षाही कमी. त्याआधी लॅब्रॅडॉरच्या 24 जोड्या जन्मभर पाळून पाहिल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न. 2002 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: कमी खाणारे मध्यमानाने 13 वर्षं जगले, भरपेट खाणारे 11.2 वर्षं, आणि कमी खाणाऱ्यांना संधिवातासाठी औषध लागण्याची वेळही बरीच उशिरा आली.

फासळ्यांवरून तळहात फिरवा. न दाबता फासळ्या मोजता आल्या पाहिजेत, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. केसाळ कुत्र्याला डोळ्यांनी जोखू नका, हातानेच बघा. खाणं वाटीने मोजणं सोडा, ग्रॅममध्ये तोला. एकाच वाटीत घरातली तीन माणसं तीन वेगवेगळी मापं भरतात. आठवड्याला वजनाच्या 1 ते 2 टक्के उतरणं हा ठीक वेग. खाऊ, हाड, गोळीभोवती गुंडाळलेलं जे काही असेल ते, सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांवर जाऊ नये. आणि घरात चोरून भरवणारं जे कुणी असेल, ते असतंच, त्याच्या हाती कुत्र्याच्या रोजच्या मोजलेल्या खाण्यातलेच दाणे बाजूला काढून द्या. देण्याची हौस भागते, कुत्र्याचं वजन जागेवर राहतं.

वजन उतरलं की गोळीची मात्राही पुन्हा पाहावी लागते, कारण ती किलोवर ठरलेली असते. हे विसरलं जातं.

फरशी, नख्या, अंथरूण

हे तिन्ही औषधाइतकेच महत्त्वाचे, पण लोकांना ते औषध वाटत नाहीत. गुळगुळीत फरशीवर कुत्रा पाय घसरू नयेत म्हणून दिवसभर अंग आवळून चालतो आणि संध्याकाळी त्याच स्नायूंत गोळे येतात. उठण्याची जागा, पाण्याचं भांडं आणि दार यांना जोडणारी वाट रबरी पाठीच्या चटयांनी सलग करा. मध्ये फट राहिली तर तो फटीपाशी अडून बसतो.

चालताना फरशीवर टकटक आवाज येतो का? येत असेल तर नख्या वाढल्यात. उभं राहिल्यावर नखी जमिनीला टेकली की बोट मागे ढकललं जातं आणि त्याचा ताण वर मनगटापर्यंत जातो. दर आठवड्याला टोकापुरतं काढत गेलं की नखीतली रक्तवाहिनीही मागे सरकते. पंजाच्या गाद्यांमधले केसही कापा, त्यावरूनच तो बर्फावर चालल्यासारखा घसरतो.

अंथरूण मुठीने दाबून बघा. खालची जमीन हाताला लागली तर ते पातळ आहे, त्याच्या कोपराला आणि खुब्यालाही ती लागणार. वाऱ्याच्या झोतापासून, ओलीपासून बाजूला ठेवा. जिन्याला आडवं फाटक, गाडीसाठी कमी चढाचा, न घसरणारा उतार. मान आखडली असेल तर खाण्यापिण्याची भांडी छातीच्या उंचीला आणा.

जास्तीची औषधं, आणि ज्यांचं नाव फार होतं ती

एका गोळीने भागत नाही असं दिसलं की डॉक्टर सोबतीला दुसरं काही देतात. गॅबापेंटिन मज्जातंतूंच्या वेदनेवर वापरतात. सुरुवातीला कुत्रा झोपाळतो, डुलत चालतो, म्हणून जिना आणि पलंग यांच्यापासून सांभाळा. माणसांसाठीच्या पातळ गॅबापेंटिनमध्ये झायलिटॉल हा गोडवा असू शकतो, तो कुत्र्यांना विष आहे. घटक वाचल्याशिवाय बाटली उघडू नका. अमँटाडीन मेलॉक्सिकॅमच्या जोडीला दिल्यावर चालणं सुधारल्याचं 2008 च्या अभ्यासात दिसलं होतं. ट्रामाडॉल मात्र फार वाटलं जातं, आणि कुत्र्यांच्या संधिवातावर 2018 च्या चाचणीत ते खोट्या, म्हणजे औषधच नसलेल्या, गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. फक्त ट्रामाडॉलवर कुत्रा असेल आणि दुखणं उलटत असेल तर उत्तर तिथेच असू शकतं. विचारा.

बेडिनव्हेटमॅबचं महिन्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन युरोपात 2020 मध्ये आणि अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालं. वेदनेचा निरोप वाहणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवतं. ज्यांची मूत्रपिंडं गोळ्या झेपण्याजोगी नाहीत अशा काही कुत्र्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण एफडीए या अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये पशुवैद्यांना पत्र लिहून झटके, तोल जाणं, पाय लुळे पडणं अशा तक्रारी नोंदवल्या गेल्याचं कळवलं. म्हणून टोचून घ्यायच्या आधी मज्जासंस्थेची तपासणी झालीय ना ते पाहा, आणि नंतर चालीत काही वेगळं दिसलं तर पुढच्या इंजेक्शनची वाट न बघता कळवा. महिना संपायच्या आत दुखणं परत येत असेल तर कितव्या दिवशी येतं ते लिहून ठेवा.

पूरक गोष्टींत माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 ला त्यातल्या त्यात बरा आधार आहे, परिणाम दिसायला आठवडे लागतात, जास्त झालं की पातळ शी. कॉड लिव्हर तेल त्याच्या जागी देऊ नका, त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व साठत जातं. ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिनचा पुरावा कच्चा आहे. द्यायचं तर द्या, पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नका.

उफाळलेल्या दिवशी

उड्या, जिना, लांब फिरणं दोन-तीन दिवस बंद. लघवीला नेऊन आणायचं, तेवढंच. सांधा गरम आणि नव्याने सुजलेला वाटला तर फडक्यात गुंडाळलेली थंड पिशवी दहा मिनिटं. नुसताच आखडला असेल तर ऊब द्या, दहा ते पंधरा मिनिटं. पिशवी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याला भाजेल. कुत्र्याला उठून जाता आलं पाहिजे, धरून ठेवून शेकायचं नाही. शेकल्यावर मांडीचे स्नायू सावकाश चोळले की बहुतेकांना बरं वाटतं. सांध्यावर दाब नको आणि पाय ओढून सरळ करायचा हट्ट तर मुळीच नको. रोजची गोळी ठरल्या मात्रेतच. जास्तीची द्यायची का, हे फोनवर विचारूनच. दोन दिवसांत उतार पडला नाही तर नुसता आराम पुरेसा नाही असं धरून दाखवायला न्या.

रात्री धापा टाकणं, जागा बदलत राहणं हे वेदनेचं असू शकतं, तसंच म्हातारपणी मेंदू थकल्याचंही. गोळी दिलेल्या आणि न दिलेल्या वेळांशी ताडून बघा. गोळीचा असर उतरतो त्याच तासांत येरझारा वाढत असतील तर वेळ बदलून भागतं का ते डॉक्टरांना विचारता येईल.

वही, आणि दवाखान्यात काय सांगायचं

आपल्याच कुत्र्याबद्दल आपली नजर फसते. नवं औषध सुरू केलं की तो बरा दिसायला लागतो, खोटी गोळी दिली तरी मालकांना सुधारणा दिसते, हे अभ्यासांत वारंवार आढळलंय. म्हणून तीनच गोष्टी धरा, ज्या तुमचा कुत्रा रोज करतो: अंथरुणातून उठणं, घराच्या पायऱ्या चढणं, फिरून आल्यानंतरच्या तासाभरात उठून पाण्यापर्यंत जाणं. प्रत्येकाला रोज रात्री 0 ते 10 गुण. शेजारी गोळी दिली का, किती चाललो, खाल्लं का, शी कशी. आठवड्यातून एकदा वजन. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला; अंथरूण, तेल आणि गोळी एकाच दिवशी आणली तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. दुखणं उलटलं की मागची चार-पाच दिवसांची पानं वाचा. गोळी चुकलेली, पाहुणे येऊन गेलेले, नख्या कापायच्या राहिलेल्या, काहीतरी सापडतंच.

दवाखान्यात गेल्यावर मेज, वास, अनोळखी कुत्री यांनी घाबरून हाच कुत्रा ताडताड चालून दाखवतो आणि आपण खोटे पडतो. चित्रण तिथे कामाला येतं: सकाळी उठतानाचं, जिन्याचं, सपाट जागेवरच्या चालण्याचं. मोबाइल पुढे करा, वही पुढे करा, आधीच्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या आणि इंजेक्शनांची नावं पुढे करा. एक्स-रे बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा: फोटोतली झीज आणि कुत्र्याचं दुखणं यांचा मेळ नेहमी बसत नाही. फोटो भयंकर असून कुत्रा मजेत असतो, उलटही घडतं. त्यामुळे कुठल्या सांध्याला हात लावल्यावर तो अंग काढून घेतो ते तुमच्यासमोर तपासून दाखवायला सांगा, आणि निघण्यापूर्वी पुढच्या रक्ततपासणीची तारीख लिहून घ्या.